सल्ला : हिशोबपट्टीच्या सेवेला जावाचं कोणतं फ्रेमवर्क?

वाचकाचं पत्र : ‘नाशिकमध्ये आमची चौघांची टीम आहे. जिल्ह्यातल्या कांदा आणि द्राक्ष व्यापाऱ्यांसाठी एक रेस्ट सेवा (एचटीटीपीवरून माहिती घेणारा-देणारा सर्व्हरचा भाग) बनवायची आहे. वजन, लिलावाचा भाव, हमाली-तोलाई आणि शेवटी शेतकऱ्याची हिशोबपट्टी, असा सगळा व्यवहार तिच्यातून जाईल. समोर मोबाइल अ‍ॅप असेल. आमच्यापैकी दोघांना स्प्रिंग बूट हे जावाचं फ्रेमवर्क (सेवेचा तयार सांगाडा) बऱ्यापैकी येतं. एकाने आधीच्या नोकरीत जर्सी या रेस्टच्या लायब्ररीवर काम केलंय. सगळ्यात नवा सहकारी क्वार्कस हे दुसरं फ्रेमवर्क घ्या म्हणून मागे लागलाय, कारण ते क्षणात सुरू होतं. शिवाय स्प्रिंगच्या, वाट बघत न थांबता काम करणाऱ्या वेबफ्लक्सशिवाय लोड झेपणार नाही असंही कानावर येतं. सर्व्हर एकच, चार जीबीचा. त्यावरच मायएसक्यूएल डेटाबेस आहे आणि जावा ८ मधलं जुनं सर्व्हलेट (जावाचा वेब कोड) अ‍ॅप टॉमकॅट ९ या वेब सर्व्हरवर चालू आहे. आम्ही काय निवडावं?’ — टीम लीड, नाशिक

उत्तर :

स्प्रिंग बूट घ्या. साधं एमव्हीसी (स्प्रिंगची नेहमीची पद्धत : एका रिक्वेस्टला एक थ्रेड, म्हणजे कामाचा एक धागा), जावा २१ किंवा २५, आतच टॉमकॅट असलेला एक जार (जावाची चालवता येणारी फाइल). वेबफ्लक्स नको, नेटिव्ह इमेज (जावाशिवाय थेट चालणारी फाइल) नको, आणि चौघांच्या टीमने पहिल्याच दिवशी पाच मायक्रोसर्व्हिस (तुकड्यातुकड्यांच्या वेगळ्या सेवा) तर मुळीच करू नयेत. तुमच्या नव्या सहकाऱ्याचं म्हणणं चुकीचं नाही, पण तो ज्या आकड्यावर भाळलाय तो तुमच्या कामाचा नाही. सेवा एकदा सुरू झाली की महिनाभर चालू राहणार. ती अर्ध्या सेकंदात उठली की आठ सेकंदांत, याने लासलगावच्या आडत्याला काही फरक पडत नाही.

फरक कशाने पडतो ते हिशोबाने बघू. लिलाव रंगात आला की समजा सेकंदाला बारा रिक्वेस्ट येतात आणि त्यातल्या सहा वजनपावती नोंदवणाऱ्या आहेत. आकडा मुद्दाम फुगवून धरलाय. एका रिक्वेस्टला डेटाबेसचं काम २० मिलिसेकंदांचं असेल, तर एक कनेक्शन सेकंदाला ५० रिक्वेस्ट उरकतं. स्प्रिंग बूटसोबत येणाऱ्या हिकारी पूलमध्ये, म्हणजे डेटाबेसशी उघड्या ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यात, मुळात १० कनेक्शनं असतात. म्हणजे क्षमता सेकंदाला ५००. जावाचं कुठलंही फ्रेमवर्क घ्या, इथे ते आळस देत बसलेलं असेल.

आता पावती नोंदवणाऱ्या त्याच मेथडमध्ये कुणीतरी शेतकऱ्याला एसएमएस पाठवायची ओळ घालतो. एसएमएसवाल्याच्या सर्व्हरला उत्तर द्यायला दोन सेकंद लागतात. मेथडवर @ट्रान्झॅक्शनल आहे, म्हणजे तिचं सगळं लिखाण एकत्र कमिट (पक्कं) होतं किंवा अजिबात होत नाही, आणि तोवर, म्हणजे ते दोन सेकंदही, कनेक्शन हातातच राहतं. दहा कनेक्शनं, प्रत्येकी दोन सेकंद : क्षमता ५०० वरून थेट सेकंदाला ५ वर आली. पावत्या येतायत सहा. दर सेकंदाला रांगेत एक वाढतो. अडीच मिनिटांत रांग दीडशेवर जाते, नव्या रिक्वेस्टच्या वाट्याला तीस सेकंदांची वाट येते, आणि हिकारीची मुळातली मुदतही तीस सेकंदांचीच आहे. तिथून पुढे ‘कनेक्शन मिळालं नाही’ असे एरर धडाधड पडू लागतात. सीपीयू मात्र पाच टक्क्यांवर निवांत असतो. अशा वेळी टीममध्ये हमखास कुणीतरी म्हणतं, ‘स्प्रिंग स्लो आहे, फ्रेमवर्क बदलू.’ फ्रेमवर्क बदलून हे गणित बदलत नाही. क्वार्कसमध्येही ट्रान्झॅक्शनच्या आत एसएमएस पाठवलात तर असंच होईल.

उपाय जुनाच आहे. पावती ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिता, त्यातच ‘पाठवायचे संदेश’ अशा टेबलात एक ओळ टाका आणि मोकळे व्हा. वेगळं शेड्यूल्ड काम दर पाच सेकंदांनी त्यातल्या पन्नास ओळी उचलेल, त्या ‘घेतल्या’ अशी खूण करून कमिट करेल, मग ट्रान्झॅक्शनच्या बाहेर संदेश पाठवेल आणि निकाल लिहील. बाहेरच्या कॉलला जोडणीसाठी २ सेकंद आणि उत्तरासाठी ५ सेकंद अशी मुदत स्वतः लिहा. अशा कॉलसाठीचं स्प्रिंगचं रेस्टटेम्प्लेट नुसतं ‘न्यू’ करून वापरलं तर वाट बघण्याला मर्यादाच नसते. आणखी एक : ठरावीक वेळाने काम चालवणारं स्प्रिंगचं @शेड्यूल्ड मुळात एकाच थ्रेडवर चालतं. तिथे एक कॉल अडकला, की रात्रीचा हिशोब बंद करण्याचं कामही त्याच्या मागे रांगेत उभं राहतं. त्याच्या थ्रेडच्या पूलचा आकार तीन-चार करून ठेवा.

याच प्रकरणातली दुसरी खोच म्हणजे ‘ओपन-इन-व्ह्यू’ नावाची सेटिंग. स्प्रिंग बूटमध्ये ती मुळात चालू असते. तिच्यामुळे ट्रान्झॅक्शन संपलं तरी डेटाबेसचं कनेक्शन रिक्वेस्ट पूर्ण होईपर्यंत सुटत नाही. म्हणजे एसएमएसची ओळ ट्रान्झॅक्शनच्या बाहेर आणली, पण त्याच रिक्वेस्टमध्ये ठेवली, तरी वरचं गणित तसंच राहतं. पहिल्या दिवशीच ती बंद करा. बंद केल्यावर लेझीइनिशियलायझेशनएक्सेप्शन (कनेक्शन सुटल्यावर न वाचलेला डेटा मागितल्याचे एरर) दिसू लागतील. घाबरू नका. जिथे जिथे तो दिसतो, तिथे तुमचा कोड नकळत जादा क्वेरी मारत होता. शंभर पावत्यांच्या यादीसाठी एक क्वेरी आणि मग प्रत्येक शेतकऱ्याच्या नावासाठी एकेक, अशा एकशेएक. एंटिटी (टेबलातल्या ओळीचा ऑब्जेक्ट) कंट्रोलरमधून (रिक्वेस्ट घेणाऱ्या क्लासमधून) जशीच्या तशी बाहेर पाठवू नका. जावाच्या रेकॉर्डमध्ये हवे तेवढेच रकाने घ्या आणि एकाच जॉइन क्वेरीत ते भरा.

वेबफ्लक्सची गोष्ट इथेच संपते. त्याचा फायदा तेव्हा, जेव्हा सगळी साखळी नॉन-ब्लॉकिंग (उत्तराची वाट बघत थ्रेड न अडवणारी) असते. जेपीए आणि जेडीबीसी या जावाच्या डेटाबेसशी बोलायच्या नेहमीच्या पद्धती ब्लॉकिंग आहेत. त्या सोडून नॉन-ब्लॉकिंग आरटूडीबीसी धरावं लागेल, हायबरनेटची (जेपीएच्या अंमलबजावणीची) सवय सोडावी लागेल, आणि रात्री साडेआठला एरर आला की स्टॅक ट्रेसमध्ये (एररपर्यंतच्या कॉलच्या यादीत) तुमच्या कोडची ओळ शोधत बसावं लागेल. हजारो जोडण्या एकाच वेळी उघड्या ठेवायच्या असतील तर आता जावा २१ चे व्हर्च्युअल (हलके, हजारोंनी चालणारे) थ्रेड आहेत. स्प्रिंग बूट ३.२ पासून एका सेटिंगने ते चालू होतात. पण तुम्हाला त्यांचीही घाई नको. टॉमकॅटची मुळातली २०० थ्रेडची मर्यादा एक प्रकारचं दारच असतं. व्हर्च्युअल थ्रेड लावले की ते दार उघडतं आणि सगळी गर्दी त्या दहा कनेक्शनांपुढे येऊन थांबते. शिवाय जावा २१ मध्ये सिंक्रोनाइज्ड (एका वेळी एकाच थ्रेडला सोडणाऱ्या) ब्लॉकच्या आत थांबलेला व्हर्च्युअल थ्रेड खालचा खरा थ्रेड अडवून ठेवतो. ही अडचण जावा २४ मध्ये सुटली. म्हणून व्हर्च्युअल थ्रेड हवेच असतील तर २५ घ्या, तीही दीर्घ मुदतीच्या देखभालीची आवृत्ती आहे.

आता क्वार्कसला न्याय देऊ. रेड हॅटने ते २०१९ मध्ये पुढे आणलं. क्लास शोधणं, अ‍ॅनोटेशन (@ ने सुरू होणाऱ्या खुणा) वाचणं, जोडण्या लावणं ही कामं स्प्रिंग सुरू होताना करतं. क्वार्कस त्यातली बरीचशी बिल्डच्या वेळीच उरकून घेतं. त्यामुळे ते लवकर उठतं आणि मेमरी कमी खातं. त्याचा डेव्ह मोड खरोखर छान आहे : कोड सेव्ह करा, ब्राउझर रिफ्रेश करा, बदल दिसतो. डॉकर असेल तर टेस्टसाठी डेटाबेसही स्वतःच उभा करतं. तुमच्या जर्सीवाल्या सहकाऱ्याला तर तिथे घरच्यासारखं वाटेल, कारण @पाथ, @गेट, @पाथपॅरम ही सगळी जॅक्स-आरएसची अ‍ॅनोटेशनं दोन्हीकडे तीच. जॅक्स-आरएस हे जावात रेस्ट सेवा लिहिण्याचं मानक आहे, २००८ पासूनचं. जर्सी, रेस्टइझी, सीएक्सएफ ही त्याची वेगवेगळी अंमलबजावणी.

मग नको का म्हणतोय? तुमच्या चौघांपैकी दोघं आजच स्प्रिंगमध्ये काम करू शकतात, आणि उद्या कुणी पुण्याला गेलं तर नाशिकमध्ये जागा भरताना स्प्रिंग येणारा माणूस लवकर सापडेल. क्वार्कसमध्ये चुका वेगळ्या प्रकारच्या होतात आणि त्या ओळखणारं तुमच्याकडे आज कुणी नाही. उदाहरण घ्या. मेथड साधा ऑब्जेक्ट परत करत असेल तर क्वार्कस तिला वर्कर थ्रेडवर चालवतं. तीच मेथड कुणी हौसेने ‘युनी’ (नंतर येणाऱ्या उत्तराचं वचन) परत करणारी केली, की ती सगळ्या रिक्वेस्ट हाताळणाऱ्या इव्हेंट लूपवर जाते. आत जेडीबीसीचा कॉल राहिला असेल तर कोड कंपाइल होतो, एकट्याने तपासलं तर चालतोही, आणि गर्दीत अख्खी सेवा गोठते. इव्हेंट लूपचे थ्रेड मोजकेच असतात, त्यातले दोन-चार अडकले की बाकीच्यांना उत्तरच मिळत नाही. लॉगमध्ये ‘थ्रेड ब्लॉक्ड’ अशी सूचना येते. ती वाचायची सवय असलेला माणूस लागतो.

नेटिव्ह इमेजचं तर नावच काढू नका, निदान या प्रकल्पात. बिल्डला मिनिटांमागून मिनिटं आणि काही जीबी मेमरी लागते. तुमच्या चार जीबीच्या सर्व्हरवर ती चालवलीत तर शेजारचं मायएसक्यूएल गुदमरेल. रिफ्लेक्शन (चालू असताना क्लास तपासणं) वापरणाऱ्या प्रत्येक लायब्ररीची नोंद करावी लागते. हिशोबपट्टीच्या पीडीएफसाठी जॅस्पररिपोर्ट्स वापरणार असाल तर ते चालू असताना क्लास लोड करतं, नेटिव्हमध्ये ते सरळ चालत नाही.

(पीडीएफचा विषय निघालाच आहे तर : जावाच्या जुन्या पीडीएफ लायब्ररी देवनागरीची जोडाक्षरं मोडतात आणि पहिली वेलांटी भलत्या जागी टाकतात. शेतकऱ्याचं नाव चुकलेली पट्टी कुणी स्वीकारत नाही. एचटीएमएल तयार करून हेडलेस क्रोमियमकडून (खिडकी न उघडता चालणाऱ्या ब्राउझरकडून) पीडीएफ काढून घेणं हा सगळ्यात कमी डोकेदुखीचा मार्ग आहे. फ्रेमवर्क ठरवण्याआधी एका पट्टीचा नमुना छापून बघा. हा सल्ला आम्ही फ्रेमवर्कच्या सल्ल्याहून वरचा मानतो.)

आमचं उत्तर कधी उलटेल? सर्व्हर ५१२ एमबीचा असता, किंवा गिऱ्हाइकागणिक वेगळी प्रत अशा वीस छोट्या सेवा एकाच यंत्रावर चालवायच्या असत्या, किंवा मागणीनुसार उठून पुन्हा झोपणाऱ्या क्लाउड फंक्शनमध्ये कोड ठेवायचा असता, तर क्वार्कसच म्हटलं असतं. चौघांपैकी तिघांना जॅक्स-आरएस येत असतं तर तेव्हाही. वाद मिटत नसेल तर दोन दिवस द्या, जास्त नको. एकच एंडपॉइंट (सेवेचा एक पत्ता) दोन्हीकडे बांधा : वजनपावती पोस्ट करणं. त्यात इनपुटची तपासणी, टोकन तपासून प्रवेश, दोन टेबलांत लिहिणं, चुकीला नीट एरर, आणि खऱ्या मायएसक्यूएलवर चालणारी एक टेस्ट असू दे. हॅलो वर्ल्डची तुलना कुचकामी. मग जेमीटर या लोड-चाचणीच्या साधनाने पन्नास युजर दहा मिनिटं सोडा, प्रोसेसची खरी मेमरी आणि सगळ्यात हळू एक टक्का रिक्वेस्टचा वेळ लिहून घ्या. आणि चाचणी चालू असताना मायएसक्यूएल बंद करून एका मिनिटाने पुन्हा चालू करा. सेवा आपणहून सावरते का, लॉग वाचून काय झालं ते कुणाला कळतं का, हे बघा. कौल तिथेच लागेल.

बाकीच्या फ्रेमवर्कना एकेक ओळ पुरे. नुसती जर्सी टॉमकॅटवर चढवली तर रेस्टचा भाग उत्तम होतो, पण कनेक्शन पूल, ट्रान्झॅक्शन, कॉन्फिगरेशन, सुरक्षा हे सगळं तुम्हालाच शिवावं लागतं. ड्रॉपविझार्डने ते शिवून दिलं होतं आणि तो आजही भरवशाचा आहे, पण नव्याने सुरुवात करायला त्याचं वातावरण आता विरळ झालंय. मायक्रोनॉट चांगलं आहे, क्वार्कससारखंच बरंचसं काम कंपाइलच्या वेळी करतं. लोम्बोक (गेटर-सेटर आपोआप लिहिणारी लायब्ररी) वापरत असाल तर तिथे अ‍ॅनोटेशन प्रोसेसरच्या यादीत लोम्बोक आधी यायला हवं, नाहीतर गेटर सापडत नाहीत. हेलिडॉन ऑरॅकलचं, चौथ्या आवृत्तीपासून व्हर्च्युअल थ्रेडवर उभं. जॅव्हलिन चार-पाच एंडपॉइंटच्या कामाला झकास, हिशोबाच्या प्रणालीला तोकडं.

आवृत्तीबद्दल मात्र काटेकोर राहा. स्प्रिंग बूट ४.० नोव्हेंबर २०२५ मध्ये आलं. नवा प्रकल्प ४ वरच सुरू करा, कारण ३.५ ची मोफत देखभाल जून २०२६ पर्यंतचीच. अडचण अशी की इंटरनेटवरचे बहुतेक धडे २ किंवा ३ चे आहेत. २ मधला कोड उचललात तर इम्पोर्टमध्ये ‘जावाएक्स’ असेल, ३ पासून ते ‘जकार्ता’ झालं. कंपाइल न होणारी चूक लगेच कळते. वाईट ती, जी कंपाइल होते. जुनी लायब्ररी क्लासपाथवर असेल तर जावाएक्सचं @पोस्टकन्स्ट्रक्ट (ऑब्जेक्ट तयार झाल्यावर मेथड चालवायची खूण) बिनतक्रार कंपाइल होतं आणि ती मेथड कधी चालतच नाही. ४ मध्ये आणखी बदल आहेत. वेबचा स्टार्टर (लागणाऱ्या लायब्ररींचा संच) आता ‘स्टार्टर-वेबएमव्हीसी’ नावाने घ्यायचा. जेसन वाचणारी-लिहिणारी लायब्ररी जॅक्सन ३ आल्यामुळे त्याच्या बहुतेक क्लासांचं पॅकेज बदललं. फ्लायवेची नुसती कोअर लायब्ररी टाकली तर मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले टप्प्याटप्प्याचे बदल) गुपचूप चालत नाहीत. ‘स्टार्टर-फ्लायवे’ हवा, आणि मायएसक्यूएलसाठी फ्लायवेचं वेगळं मॉड्यूलही. टेस्टमध्ये खोटा ऑब्जेक्ट पुरवणारं @मॉकबीन काढून टाकलंय, @मॉकिटोबीन वापरा. प्रकल्पाचा सांगाडा स्प्रिंगच्या इनिशियलायझरवरूनच काढा, कुणाच्या जुन्या पॉम (लायब्ररींच्या यादीच्या) फाइलची नक्कल करू नका.

सुरुवातीला हमखास अडणाऱ्या दोन-तीन जागा. स्प्रिंग सिक्युरिटी टाकली की सगळे एंडपॉइंट कुलूपबंद होतात. कुलूप काढल्यावर गेट (वाचणं) चालतं आणि पोस्टला (लिहिण्याला) ४०३, म्हणजे मनाई, येतो. तो सीएसआरएफचा, म्हणजे दुसऱ्या साइटने वापरकर्त्याच्या नावे पाठवलेल्या रिक्वेस्ट अडवणाऱ्या संरक्षणाचा. मोबाइल अ‍ॅप हेडरमधून टोकन पाठवतं, कुकी नाही, तेव्हा तुमच्याकडे ते संरक्षण बंद करणं योग्य आहे. उद्या ब्राउझरसाठी कुकीने लॉगिन दिलंत तर पुन्हा चालू करा. इनपुटच्या तपासणीचा स्टार्टर वेगळा घ्यावा लागतो. एपीआयची माहिती दाखवणाऱ्या एखाद्या लायब्ररीबरोबर नुसती अ‍ॅनोटेशनं आत आलेली असली तर @नॉटनल लिहिता येतं, कंपाइल होतं आणि तपासणी काहीच होत नाही. पावतीत गोण्यांची यादी असेल तर त्या यादीच्या फील्डवरही @व्हॅलिड लागतं, नाहीतर वरची पावती तपासली जाते आणि आतल्या ओळी तशाच सुटतात. आणि @ट्रान्झॅक्शनल मुळात रनटाइम एक्सेप्शन आणि जावाच्या ‘एरर’वरच मागे फिरतं. चेक्ड (मेथडने आधी जाहीर करायचं) एक्सेप्शन फेकलंत तर अर्धवट हिशोब कमिट होतो. त्याच क्लासमधून त्याच क्लासची @ट्रान्झॅक्शनल मेथड बोलावली तर ट्रान्झॅक्शन सुरूच होत नाही, कारण कॉल स्प्रिंगने मध्ये ठेवलेल्या प्रॉक्सीतून जात नाही.

निफाड-दिंडोरीच्या शेतावर किंवा पॅकहाऊसच्या पत्र्याखाली रेंज येते-जाते. अ‍ॅपने पावती पाठवली, सर्व्हरने लिहिली, उत्तर परत पोचलं नाही, अ‍ॅपने पुन्हा पाठवली : एका ट्रॉलीच्या दोन पावत्या. यावर फ्रेमवर्कमध्ये तयार बटण नाही. प्रत्येक पावतीला मोबाइलनेच यूयूआयडी (दुसऱ्याशी न जुळणारा क्रमांक) द्यायचा, डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर युनिक इंडेक्स (तोच क्रमांक पुन्हा न घेणारा). पहिल्यांदा २०१ (नवं तयार झालं) आणि त्याचा पत्ता सांगणारा लोकेशन हेडर, दुसऱ्यांदा तोच यूयूआयडी आला तर आधीची पावती २०० (ठीक) सोबत परत. युनिक इंडेक्सने फेकलेला एरर ट्रान्झॅक्शनच्या बाहेर पकडा. आत पकडलात तर ते ट्रान्झॅक्शन बाद झालेलं असतं आणि कमिटच्या वेळी दुसराच एरर अंगावर येतो. दोन मुनीम एकाच पट्टीत एकदम दुरुस्ती करतील, त्यासाठी प्रत्येक बदलाला वाढणारा @व्हर्जनचा रकाना ठेवा आणि हरलेल्याला ४०९ (टक्कर झाली) द्या. एररचा साचा स्वतः शोधू नका. स्प्रिंगचा प्रॉब्लेमडिटेल आरएफसी ९४५७ या एररच्या मानकाप्रमाणेच आहे, त्यात तुमचा एरर कोड आणि मराठी संदेश जोडा.

पैशाला डबल (दशांश अंदाजाने ठेवणारा प्रकार) वापरू नका, हे तुम्हाला माहीत असेलच. १८.४५ क्विंटल, भाव १,८३५ रुपये, तर रक्कम ३३,८५५.७५, आणि ती तशीच यायला हवी. कोडमध्ये बिगडेसिमल (अचूक दशांश), डेटाबेसमध्ये डेसिमल, आणि पैसे कुठे पूर्णांकात आणायचे तो नियम एकाच मेथडमध्ये. वजन किलोतच साठवा. क्विंटल फक्त दाखवण्यापुरता.

सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असेल तर पहाटे साडेपाचच्या आधीची पावती आदल्या दिवसाच्या हिशोबात जाते. द्राक्षाच्या हंगामात ही वेळ कामाचीच असते. क्षण ‘इन्स्टंट’ म्हणून साठवा, आणि व्यवहाराची तारीख ‘एशिया/कोलकाता’ झोन स्पष्ट लिहून काढा. ‘लोकलडेट डॉट नाऊ’ रिकाम्या कंसाने कुठेही दिसता कामा नये.

जुन्या डेटाबेसची मराठी नावं हा वेगळा खड्डा आहे. मायएसक्यूएल ५.७ पर्यंत मुळातला कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) लॅटिन१ होता, ८.० पासून यूटीएफ८एमबी४. जुन्या अ‍ॅपने लॅटिन१ च्या रकान्यात यूटीएफ-८ चे बाइट कोंबले असतील तर जुन्या अ‍ॅपला नाव बरोबर दिसतं आणि नव्या सेवेला कचरा दिसतो. अशा वेळी रकान्याचा सेट सरळ बदलू नका, आधीच चुकलेलं आणखी एकदा चुकेल. रकाना आधी बायनरी प्रकारात न्या, मग यूटीएफ८एमबी४ मध्ये. आधी बॅकअप, आणि आधी नकलेवर. जिथे प्रत्यक्ष प्रश्नचिन्हंच साठली आहेत, ती नावं गेली. ती परत टाइप करावी लागतील. ऑफिसातल्या विंडोज मशीनवरही जावा १७ पर्यंत फाइल वाचताना विंडोजचं एन्कोडिंग लागायचं. जावा १८ पासून सगळीकडे यूटीएफ-८, म्हणून सगळ्यांनी एकच जावा वापरा.

चार जीबीची वाटणी अशी करा. मायएसक्यूएलच्या बफर पूलला १ जीबी, नव्या सेवेच्या हीपला (जावाच्या ऑब्जेक्टच्या मेमरीला) कमाल ५१२ एमबी, जुन्या टॉमकॅटला आज आहे तेवढं. मर्यादा लिहिली नाही तर जावा हीपला यंत्राच्या एक चतुर्थांश मेमरी धरतं, आणि हीपच्या बाहेरचं वेगळं. लिनक्सवर सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीच्या युनिटमध्ये १४३ हा एक्झिट कोड यशस्वी म्हणून नोंदवा, नाहीतर प्रत्येक शिस्तीत केलेलं बंदही ‘फेल्ड’ दिसतं. अ‍ॅक्च्युएटरचं हेल्थ (सेवा जिवंत आहे का ते) बाहेर दिसू द्या, हीपडंप (मेमरीची नक्कल) कधीच नाही, त्यात पासवर्डसुद्धा असतात. पावतीचा फोटो चढवताना दोन भिंती आडव्या येतात : पुढे उभ्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरची १ एमबी आणि स्प्रिंगची फाइलमागे १ एमबी. एक वाढवून दुसरी विसरली की पुन्हा फ्रेमवर्कला शिव्या बसतात.

राहता राहिलं जुनं अ‍ॅप. नव्या सेवेची वॉर फाइल (बाहेरच्या टॉमकॅटमध्ये चढवायची) करून ती चालू टॉमकॅट ९ मध्ये टाकायचा मोह होईल. टाकू नका. टॉमकॅट ९ जावाएक्सचा, स्प्रिंग बूट ४ ला टॉमकॅट ११ लागतो. वॉर चढते, लॉगमध्ये एररही येत नाही, आणि प्रत्येक पत्त्यावर नुसता ४०४ मिळतो. त्यात दोन दिवस जातात. नवा जार ८०८१ वर स्वतंत्र चालवा, जुनं ८०८० वर राहू द्या, पुढे एनजिनएक्स ठेवून ‘/एपीआय/व्ही२’ ने सुरू होणारे पत्ते नव्याकडे वळवा. एनजिनएक्सकडून फॉरवर्डेड (मूळ रिक्वेस्टचा पत्ता सांगणारे) हेडर पाठवा आणि स्प्रिंगमध्ये ते वाचायची सेटिंग चालू करा, नाहीतर लोकेशन हेडरमध्ये एचटीटीपीएसऐवजी एचटीटीपीचा पत्ता जाईल. आधी फक्त वाचनाचे एंडपॉइंट नव्या सेवेत आणा : भाव, शेतकऱ्यांची यादी, जुन्या पट्ट्या. ते दोन आठवडे बिनबोभाट चालले की वजनपावती. हिशोबपट्टी सगळ्यात शेवटी, आणि ती जानेवारी ते एप्रिल द्राक्षाची गडबड असताना नाही. एका पत्त्याचं लिखाण एका वेळी एकाच सेवेकडे असू द्या. दोघांनी एकाच टेबलात लिहायला सुरुवात केली तर कोणाची चूक हे शोधताना जुन्या अ‍ॅपचे लॉग कामाला येणार नाहीत. परत फिरायची वेळ आलीच तर एनजिनएक्सची ती एक ओळ बदलून रीलोड करा.